लाइट गेल्यावरचा उजेड

मराठी माणूस ‘वीज गेली’ असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, ‘लाइट गेली’. भर दुपारी बारा वाजता, डोक्यावर रणरणतं ऊन असताना पंखा थांबला, मिक्सरमधली चटणी अर्धवट राहिली, गिरणीचा पट्टा फटफटत गप्प झाला, तरी गेलेली असते ती लाइटच. इंग्रजीतला उजेड मराठीत येऊन स्त्रीलिंगी झाला आणि विजेच्या जागी जाऊन बसला. बोलणाऱ्यांचं त्यात काही चुकलं नाही. आपल्याकडं बहुतेक घरांत वीज शिरली ती आढ्याला लोंबणाऱ्या एका पिवळ्या बल्बच्या रूपानं. पंखा, टीव्ही, फ्रीज ही मंडळी मागाहून आली, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणं.

२००५ ते २०१२ या सात-आठ वर्षांत मात्र लाइट आणि उजेड यांची फारकत झाली. लाइट नसताना उजेड कुठून आणायचा, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या घराघरांत रोज आणि तेही ठरल्या वेळी पडू लागला. सरकारी कागदावर त्याला भारनियमन म्हणत, बोलताना लोडशेडिंग. त्या काळाबद्दल लिहिलेलं बरंचसं मेगावॅटच्या हिशेबात आहे. घरातल्या कोनाड्यात, खुंटीवर, फ्रीजच्या डोक्यावर काय ठेवलेलं असे याचा हिशेब कुणी फारसा मांडला नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात सातारा जिल्ह्यातून करावी लागेल. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून वेगवेगळ्या खोऱ्यांतून उतरलेल्या कृष्णा आणि कोयना कराडला समोरासमोर येऊन मिळतात. या संगमापासून काही किलोमीटरवर ओगलेवाडी आहे. कराडला रेल्वेनं गेलेल्या माणसानं ती पाहिलेली असते, कारण कराडचं स्टेशन ओगलेवाडीतच आहे. पाटीवर नाव कराडचं, म्हणून ती लक्षात राहत नाही इतकंच. इथं १९१६ साली ओगले बंधूंचा काच कारखाना, ओगले ग्लास वर्क्स, उभा राहिला. पहिलं महायुद्ध चालू होतं. जर्मनी-ऑस्ट्रियाकडून येणारी काच थांबली होती आणि देशी मालाला मोकळं मैदान मिळालं होतं. त्याआधी आठ वर्षं, १९०८ साली, तळेगावला अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून काच कारखाना निघाला होता. माणशी एक पैसा गोळा करून कारखाना काढायचा, ही कल्पना आज ऐकली तरी थक्क व्हायला होतं. ओगल्यांच्या पाठीशी औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी होते. किर्लोस्करांनाही नांगराच्या कारखान्यासाठी माळरान मिळालं ते याच संस्थानात. औंधच्या राजाला सूर्यनमस्कारांचा राजा म्हणून लोक ओळखतात, पण उद्योगांना त्यानं दिलेल्या जागांचा हिशेब मांडला तर तीही लहान कामगिरी नाही.

ओगलेवाडीचा कंदील ‘प्रभाकर’ या नावानं घरोघरी गेला. प्रभाकर म्हणजे सूर्य, आणि ओगले बंधूंच्या वडिलांचं नावही प्रभाकरच. तोवर बाजारात कंदील असत ते अमेरिकेचे नाहीतर जर्मनीचे. स्वदेशी घ्यायचं तर खादी अंगावर येई, पण संध्याकाळी उजेड परदेशी कंदिलाचा पडे. प्रभाकरनं ती पंचाईत सोडवली.

कंदील ही वस्तू दिसते तितकी साधी नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना ज्या नळ्या दिसतात त्या नुसत्या धरायला केलेल्या नाहीत. त्या पोकळ असतात. वरच्या टोपाजवळून ताजी हवा त्या नळ्यांतून खाली उतरते आणि वातीला मिळते, तर जळालेली गरम हवा काचेतून सरळ वर निघून जाते. त्यामुळं वाऱ्याचा झोत आला तरी तो थेट ज्योतीवर पडत नाही. गोठ्यात, परड्यात, बैलगाडीच्या आसाखाली, नदीच्या उतारावर कंदील जळत राही तो यामुळं. पत्र्याचं काम कुणालाही जमलं असतं. खरी परीक्षा काचेची होती. वाळू, सोडा आणि चुना वितळवून फुगवलेली काच एकदम गार झाली तर तिच्या आत ताण राहतो, आणि पहिल्याच रात्री, पावसाचा एक थेंब पडला की ती तडकते. म्हणून तयार काच पुन्हा भट्टीत घालून हळूहळू निववावी लागते. निववण्याची ती कला परदेशी पुस्तकांतून आणि मोडक्या मालाच्या ढिगांतून शिकलेल्या माणसांनी एका संस्थानी माळावर कंदिलाचा उद्योग उभा केला.

कंदिलाला रोजची सेवा लागे. तिन्हीसांजेच्या आधी काच काढायची, आतली काजळी राखेनं आणि चिंधीनं पुसायची, वातीचं जळकं टोक कात्रीनं सरळ कापायचं, रॉकेल भरायचं. वात तिरकी कापली गेली तर ज्योतीला शिंग फुटे आणि काच एका बाजूनं काळी होई. हे काम बहुधा घरातल्या मुलीकडं असे, कारण काचेच्या तोंडातून तिचाच हात आत जाई. इतक्या सेवेनंतर मिळणारा उजेड किती? ६० वॉटचा जुना बल्ब सातशेच्या घरात ल्युमेन देतो, कंदील चाळीस-पन्नासवर थांबतो. रॉकेलच्या ज्वालेतली बहुतेक सगळी शक्ती उष्णतेत जाते. एका अर्थानं कंदील ही उजेड सांडणारी शेगडीच आहे.

आणि ज्यांना कंदीलही परवडत नसे त्यांच्याकडं चिमणी असे. औषधाची नाहीतर शाईची बाटली, तिच्या पत्र्याच्या बुचाला भोक, त्यातून ओवलेली चिंधीची वात. काच नाही, म्हणून धूर मोकळा. सकाळी नाकपुड्या काळ्या असत.

कराडला कृष्णेला मिळणाऱ्या कोयनेचं सगळं पाणी पुढं कृष्णेला मिळणार नव्हतं. १९५०च्या दशकात पाटण तालुक्यात तिच्यावर धरण बांधायचं काम सुरू झालं आणि १९६२ साली पहिल्या टप्प्याची वीज बाहेर पडू लागली. पूर्वेकडं वाहणारं पाणी बोगद्यातून पश्चिमेला नेऊन, सह्याद्रीच्या पोटात चारशेहून अधिक मीटर खाली पाडून पोफळीला वीज करायची आणि मग ते पाणी कोकणात सोडून द्यायचं, असा हा उलटा प्रवास. पुढच्या टप्प्यांनी क्षमता १९६० मेगावॅटपर्यंत गेली. कृष्णा पाणीतंटा लवादानं पश्चिमेला वर्षाला ६७.५ टीएमसीच पाणी वळवायची मर्यादा घातली, त्यामुळं कोयना दिवसभर पूर्ण जोरानं चालवता येत नाही. तिचं पाणी राखून ठेवायचं आणि संध्याकाळी, राज्यभर एकदम बटणं दाबली जातात तेव्हा सोडायचं. जनित्र काही मिनिटांत चालू होतं, हा जलविद्युतचा मोठा गुण. कोळशाच्या बॉयलरला तापायलाच कित्येक तास लागतात. कोयना म्हणजे संध्याकाळचं धरण, असं मला नेहमी वाटत आलं आहे. कंदील पुसायची जी वेळ, तीच कोयनेची.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगरची घरं पडली, वीजगृह बंद ठेवावं लागलं आणि त्या विजेवर चालणारे मुंबईपर्यंतचे कारखाने थंडावले. एका खोऱ्यातल्या हादऱ्यानं एवढ्या लांब अंधार पडू शकतो, हे महाराष्ट्रानं तेव्हा पहिल्यांदा अनुभवलं. पाटण खोऱ्यातल्या पडक्या घरांपुढं त्या रात्री जे जळत होतं ते कंदील आणि शेकोट्या. धरणामागं जलाशयाच्या काठानं राहिलेल्या कित्येक वाड्यांना तर वीज अजून दिसायचीच होती. दिव्याखाली अंधार ही म्हण तिथल्या लोकांना कुणी समजावून सांगायला नको होती.

विद्युतीकरणाची आकडेवारीही मजेशीर. १९९७पर्यंत केंद्राच्या व्याख्येप्रमाणं गावाच्या महसुली हद्दीत कुठंही, कशासाठीही वीज वापरली जात असेल तर ते गाव विद्युतीकृत. एका विहिरीवर मोटर बसली की गावात उजेड पडल्याची नोंद होई. २००४ साली निकष बदलला आणि निदान १० टक्के घरांत वीज हवी असं ठरलं. म्हणजे नव्वद टक्के घरं अंधारात असली तरी चालेल. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या सुमारे ८४ टक्के घरांनी उजेडाचं साधन वीज असल्याचं सांगितलं. उरलेल्यांपैकी बहुतेकांचं उत्तर रॉकेल होतं.

ज्या घरांत लाइट आली त्यांनी कंदील फेकून दिला नाही. तो माळ्यावर गेला. काचेला वर्तमानपत्र गुंडाळून ठेवलेलं असे. वादळात तार तुटली, फ्यूज उडाला, डीपी जळली की दोन-चार तासांसाठी तो खाली येई. याला इमर्जन्सी म्हणता येईल: कधीतरीच येणारी, कुणी न ठरवलेली वेळ. नव्वदच्या दशकापर्यंत आपली अडचणीची सगळी साधनं या कल्पनेवर बेतलेली होती.

मग दाभोळ आलं. एन्रॉनच्या प्रकल्पाचा वीजखरेदी करार १९९३च्या डिसेंबरात झाला, १९९५ साली नव्या युती सरकारनं तो मोडला, पुन्हा वाटाघाटी करून जोडला, आणि १९९९च्या मे महिन्यात पहिला टप्पा सुरू झाला. ती वीज इतकी महाग पडू लागली की मे २००१मध्ये वीज मंडळानं ती घेणं थांबवलं. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉन दिवाळखोरीत गेली. गुहागरच्या किनाऱ्यावरचा एवढा मोठा प्रकल्प पाच वर्षं गंजत उभा राहिला. दाभोळबद्दल खूप भांडणं झाली आणि ती व्हायलाच हवी होती. माझ्या मते खरं नुकसान भांडणापेक्षा मोठं झालं: दाभोळची वीज येणारच आहे, या भरवशावर त्या दहा वर्षांत राज्यानं दुसरे प्रकल्प पुरेसे उभेच केले नाहीत. मागणी मात्र वाढत राहिली. २००४ साली निवडणुकीच्या तोंडावर शेतीपंपांना मोफत विजेची घोषणा झाली आणि वर्षभरात गुंडाळली गेली.

६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ संपलं आणि त्याच्या जागी महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या आल्या. नावात वितरण असलेल्या कंपनीच्या वाट्याला पहिली कित्येक वर्षं अंधाराचं वितरण आलं. मागणी आणि पुरवठा यांतला खड्डा चार-पाच हजार मेगावॅटपर्यंत गेला. हा खड्डा कुणाच्या अंगणात खणायचा हे ठरवायला वीज नियामक आयोगानं एक तत्त्व लावलं. ज्या भागात वीजगळती कमी आणि बिलांची वसुली चांगली तिथं कमी तास, जिथं चोरी आणि थकबाकी जास्त तिथं जास्त तास. शहरांना तीन-चार तास, खेड्यांना दहा-बारा आणि कधी त्याहून अधिक. शिक्षा म्हणून हे समजण्यासारखं होतं. पण शिक्षा फीडरला, म्हणजे वस्तीला वीज नेणाऱ्या वाहिनीला, होई आणि अंधारात माणसं बसत. आकडे टाकणाऱ्या दहा घरांच्या फीडरवर नेमानं बिल भरणारी मास्तरीणबाईही असे, आणि तिचाही दिवा त्याच मिनिटाला जाई.

वर्तमानपत्रात वेळापत्रक छापून येई. लोक ते कापून दाराच्या मागं चिकटवत. सकाळचे इतके, संध्याकाळचे इतके, आणि दर काही दिवसांनी बदल. बायका पाणी भरण्याची, दळणाची, इस्त्रीची वेळ त्यावर ठरवत. क्लासचे सर ‘आपल्याकडं सहा ते साडेनऊ नाही, तेव्हा पाचला या’ म्हणत. आमच्या गल्लीत संध्याकाळी लाइट गेली की आधी एक मोठा ‘हाऽऽ’ उमटे, आणि आली की मुलांचा ओरडा. मधल्या वेळात माणसं ओट्यावर येऊन बसत. त्या गप्पांची आठवण पुष्कळजण फार गोड करून सांगतात. डासांबद्दल कुणी बोलत नाही.

आता दुकानांत पाहा. पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लोहार चाळीत आणि प्रत्येक तालुक्याच्या इलेक्ट्रिक दुकानात ‘चार्जिंगची बत्ती’ नावाचा माल थप्प्या लावून आला. आपण त्याला नुसतं ‘इमर्जन्सी’ म्हणू लागलो: ‘इमर्जन्सी कुठं ठेवलीय गं?’ पांढऱ्या प्लॅस्टिकची पेटी, वर दांडी, पुढं एक किंवा दोन हातभर लांबीच्या नळ्या. आत ६ व्होल्टची बंद शिशाची बॅटरी. शिसं आणि आम्ल यांची ही जोडी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली शोधली, आणि दीडशे वर्षांनी ती आमच्या फ्रीजवर येऊन बसली.

या दिव्याची गंमत त्याच्या पेटण्यात आहे. आत एक रिले असतो. घरात वीज असेतोवर त्यातलं चुंबक एक पट्टी घट्ट धरून ठेवतं. वीज गेली की चुंबकाची पकड सुटते, स्प्रिंग पट्टीला मागं ओढते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि बॅटरीचा रस्ता नळीला जोडला जातो. दिवा लावायला कुणी काही करत नाही. धरून ठेवणारं कुणीतरी सोडून देतं. स्वस्त मालात रिलेऐवजी एखादा ट्रान्झिस्टर असे, मग टक् नाही. अंधार आणि उजेड यांच्यामधला तो टक् त्या वर्षांत वाढलेल्या मुलांना अजून ऐकू येत असेल.

पण ही बत्ती वर्षभर टिकत नसे, आणि लोक दुकानदाराला शिव्या देत. दोष दुकानदाराचा थोडा होताही. मूळ कारण वेगळं होतं. अशी बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात आणि ती सहसा पूर्ण रिकामी होऊ द्यायची नसते. महिन्यातून दोनदा, अर्धा-पाऊण तास वीज जाणाऱ्या गावासाठी ती केलेली. आमच्याकडं ती रोज तीन तास, पार विझेपर्यंत जळे. खेड्यात तर लाइट असण्याचे तासच इतके थोडे की ती भरायलाच मिळत नसे. अर्धपोटी ठेवलेल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे बसतात आणि बॅटरी कायमची मिटते. तीन तासांची बत्ती दिवाळीला दोन तास, संक्रांतीला एक, आणि दहावीच्या परीक्षेला वीस मिनिटं. नाव इमर्जन्सी, काम रोजंदारीचं. ती मेली यात नवल नव्हतं.

जुनी साधनंही मग कामाला लागली. बॅटरी म्हणजे आपल्याकडं आधी टॉर्च, नंतर बाकी सगळं. तिच्यातले जाड सेल मंद झाले की गच्चीवर उन्हात वाळत घालायचे, ही युक्ती सगळ्यांना माहीत होती आणि ती थोडीफार लागूही पडे, कारण उष्णतेनं आतली रासायनिक क्रिया जरा वेग घेते. मेणबत्त्या पेढ्याच्या डब्याच्या झाकणावर चिकटवल्या जात. लग्नाच्या वरातींसाठी गॅसबत्त्या पुन्हा भाड्यानं जाऊ लागल्या. बाजारपेठेत प्रत्येक दुकानापुढं छोटा जनरेटर धडधडे, पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवलेला. ते रॉकेल रेशनचं निळं असे, गरिबाच्या चिमणीसाठी सरकारनं स्वस्तात दिलेलं. सोन्याच्या दुकानातल्या झगमगाटाला त्याचा वास येई.

नोकिया ११०० हा फोन २००३ साली आला. त्याच्या टोकाला एक बारीकसा दिवा होता. कॅमेरा नाही, रंगीत पडदा नाही, पण धूळ आत न जाऊ देणारी बटणं आणि टॉर्च. भारतासारखे देश डोळ्यांपुढं ठेवून केलेला हा फोन जगभर २५ कोटींच्या आसपास खपला. मला विचाराल तर लोडशेडिंगच्या काळातलं सर्वांत उपयोगी यंत्र ते. घरी नवं मूल आलेल्या कितीतरी आयांनी रात्री दूध कोमट करताना तो फोन दातांत धरलेला असेल.

पैसेवाल्यांनी इन्व्हर्टर घेतला. तोही घरातल्या कोपऱ्यात बसवलेला, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या दांड्यांचा. महिन्या-दोन महिन्यांनी त्यात डिस्टिल्ड वॉटर घालणं हे घरच्या पुरुषांचं एकमेव घरकाम होतं, असं आमच्या घरी तरी म्हटलं जाई. १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते. ती भरायला अडीचच्या आसपास युनिट लागतात. उरलेली वीज उष्णतेत आणि बॅटरीच्या गुरगुरीत जाते. आणि ही भरणी सुरू होते कधी, तर लाइट आल्या आल्या, गल्लीतले सगळे इन्व्हर्टर एकाच मिनिटाला. म्हणजे तुटवड्यावर उपाय म्हणून घेतलेलं यंत्र तुटवडा वाढवत होतं. ज्याच्या घरी पंखा फिरत होता त्याच्या पंख्याचा भार शेजारच्या चिमणीवर पडत होता. हे कुणाला त्या वेळी दिसलं नाही, कारण इन्व्हर्टरवाल्याकडं लाइट गेल्याचं कळतच नसे. ‘गेली का? आमच्याकडं आहे’ असं उत्तर येई. माझं स्पष्ट मत आहे की त्या दशकातली सामाजिक दरी मोजायची तर उत्पन्नाच्या दाखल्यापेक्षा त्या उत्तरावरून ती बरोबर मोजता आली असती.

एकट्यानं सुटका करून घेण्याऐवजी मिळून काहीतरी करायचे प्रयत्नही झाले, आणि त्यांची आठवण फारच कमी राहिली आहे. खेड्यांत अक्षय प्रकाश योजना आली. गावानं ठरवायचं की संध्याकाळी पंप, गिरणी, शेगड्या चालवायच्या नाहीत, फक्त दिवे-पंखे. त्या बदल्यात संध्याकाळची वीज कापली जाणार नाही. काही गावांनी ते पाळून दाखवलं. पुण्यात २००६ साली उद्योजकांच्या सीआयआय या संघटनेनं आपल्या कारखान्यांतले जनरेटर गर्दीच्या तासांना चालवून तेवढी वीज शहरासाठी मोकळी करायचं मान्य केलं आणि डिझेलचा वाढीव खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांवर अधिभार लावून भागवला. प्रयास या पुण्यातल्या संस्थेनं त्याच्या हिशेबात लक्ष घातलं होतं. पुणं लोडशेडिंगमधून सुटलं. मुंबई शहराला तर ते लागलंच नव्हतं. टाटांनी १९१५ साली खोपोलीला वीजगृह सुरू केल्यापासून त्या शहराची वीज वेगळ्या हातांत होती, आणि ग्रिड कोसळलं तर मुंबईला त्यापासून तोडून बेटासारखं चालू ठेवायची यंत्रणाही ऐंशीच्या दशकात उभी राहिली होती. मुलुंड-भांडुपसारखी उपनगरं महावितरणकडं असल्यानं त्यांना मात्र लोडशेडिंग म्हणजे काय ते माहीत होतं.

सातारा जिल्ह्यातच फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. अनिल राजवंशी हे अमेरिकेत शिकून १९८१ साली तिथं आले आणि त्यांनी एक अनपेक्षित प्रश्न हाती घेतला: वीज येईल तेव्हा येईल, तोवर रॉकेलचा कंदीलच चांगला का करू नये? त्यांनी केलेल्या कंदिलाचं नाव ‘नूरी’. वातीऐवजी दाब आणि जाळी, त्यामुळं तेवढ्याच रॉकेलात कितीतरी पट उजेड, आणि वरती अन्न शिजवता येईल अशीही सोय. नूरी प्रभाकरसारखा घरोघरी पोचला नाही. पण एका जिल्ह्यात राज्याची वीज करणारं धरण, राज्याचा कंदील करणारा कारखाना आणि त्या कंदिलाची दुरुस्ती करणारी प्रयोगशाळा असावी, हा योगायोग मला लहान वाटत नाही.

शेवटी इमर्जन्सीच्या बत्तीला तारलं ते जपानमधून. झगझगीत निळा एलईडी शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली निचिया कंपनीत तयार केला. त्या निळ्या उजेडावर पिवळी पूड चढवली की पांढरा उजेड मिळतो, आणि १९९६पासून असे दिवे बाजारात आले. नाकामुरांना अकासाकी आणि अमानो यांच्याबरोबर २०१४चं नोबेल मिळालं. आमच्या गल्लीत ते नाव कुणाला माहीत नव्हतं. नळीवाली बत्ती जाऊन ठिपक्याठिपक्यांची बत्ती आली, एवढं समजलं. ती तेवढ्याच बॅटरीवर चौपट वेळ जळे. पण ती स्वस्त होऊन घरोघरी पोचेपर्यंत लोडशेडिंग संपत आलं होतं.

परळी, पारस, खापरखेडा, भुसावळ इथले नवे संच, जयगड आणि तिरोड्याचे खासगी प्रकल्प असं एकेक जोडत खड्डा भरत गेला. २०१२च्या जुलैअखेर उत्तर भारताचं ग्रिड दोन दिवस लागोपाठ कोसळलं, साठ कोटींहून जास्त लोक अंधारात गेले, आणि आपण पश्चिम ग्रिडमध्ये असल्यानं महाराष्ट्रातली माणसं टीव्हीवर ते पाहू शकली. त्या वर्षाच्या अखेरीस, जास्त गळतीचे आणि थकबाकीचे फीडर सोडून, राज्य भारनियमनमुक्त झाल्याचं जाहीर झालं. पुढं १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी मुंबईचीच लाइट गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि बेटाची यंत्रणा कामाला आली नाही. पण दिवसाउजेडी गेल्यामुळं कुणाला बत्ती शोधावी लागली नाही.

ओगलेवाडीचा काच कारखाना बंद पडला. प्रभाकर आता जुन्या वस्तूंच्या दुकानात आणि रिसॉर्टच्या ओसरीत, आत एलईडी घालून टांगलेला दिसतो.

भारनियमनमुक्तीच्या घोषणेत शेतीपंप धरलेले नव्हते. त्यांना आठ-दहा तास वीज, आणि तीही पाळीपाळीनं. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्यासाठी सुरू झाली. तिची वीज जिथं पोचली तिथं शेतकरी उन्हात दारं धरतो. जिथं पोचली नाही तिथं एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला माणूस अकरा-बाराला उठतो, कपाळावर पट्ट्याची बॅटरी बांधतो, काठी घेतो आणि सापाकडं लक्ष ठेवत मोटर चालू करायला निघतो.